पाळणाघरात मेथी-भाकरी खातो, घरी मोबाइलशिवाय घास नाही!

घणसोलीकरीण:
लेक ३ वर्षं २ महिन्यांचा. मी ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला जाते, नवरा ऐरोलीत आणि त्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरते, त्यामुळे लेक सकाळी साडेआठपासून सोसायटीतल्याच एका काकूंच्या पाळणाघरात. साबा (सासूबाई) महिन्यातले पंधरा दिवस आमच्याकडे असतात, गुडघ्यांमुळे दिवसभर नाही जमत पण त्या असल्या की पाचलाच त्याला घरी आणतात, नाहीतर मी सातला. प्रॉब्लेम असा की घरी हा मोबाइल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. वरणभात, दूध, बिस्किट, संपली यादी. भाजी दिसली की आधीच ओकारीचा आवाज. मी सगळीकडे सांगत होते पिकी ईटर आहे, काय करणार. गेल्या आठवड्यात काकू म्हणाल्या, अगं मेथी-भाकरी परत मागून खातो. मला खरंच वाटेना तर त्यांनी व्हिडिओ पाठवला. चार पोरं चटईवर, पुढ्यात स्टीलच्या ताटल्या, शेजारची मुलगी भाकरीच्या तुकड्यात भाजी धरून तोंडात टाकते, हा तिच्याकडे बघतो आणि तस्संच करतो. लोकलमध्ये तीनदा बघितला तो व्हिडिओ. आनंद कमी आणि राग जास्त आला, कुणाचा ते कळलं नाही. त्याच रात्री मी मेथी केली. थुंकली. म्हणजे खोट पोरात नाही, आमच्या घरात आहे ना?

खारघरचा_बाप:
आधी दूध मोजा. अंदाजे नको, मापाच्या बाटलीने. आमची लेक अडीच वर्षांची असताना दिवसाला ९०० मिली पीत होती आणि आम्ही खूश, की जेवत नसली तरी दूध तरी पिते. हिमोग्लोबिन ९.२ निघालं. या वयात ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. डॉक्टर म्हणाले दुधात लोह नावालाच, वर पोट भरलेलं, मग जेवणार कुठून, ४००-५०० मिलीच्या वर जायचं नाही. आणि हे घरोघरी आहे बरं का, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं ॲनिमिक निघालीत. अजून एक, पहिल्या वर्षात वजन तिप्पट होतं, नंतर वर्षाला जेमतेम दोनेक किलो, त्यामुळे भूक कमी होणारच. ते कुणी सांगत नाही आणि आपण वाटी घेऊन मागे लागतो.

घणसोलीकरीण:
बसून हिशोब केला. सकाळी उठल्यावर २००. मी घरात शिरले की कुकर लावेपर्यंत रडू नये म्हणून २००, सोबत दोन बिस्किटं. झोपताना २००. रात्री दोनला कधीकधी १५०. आणि नऊला मी विचारते की भूक का नाही 🤦 काकूंकडे दूध नाही, साडेबाराला ताट, बस.

नाव_नको:
मोबाइल बंद करा. विषय संपला.

घणसोलीकरीण:
@नाव_नको, करते की, तुम्ही या भरवायला.

नौपाड्याची_आजी:
तुझ्या साबांच्या वतीने बोलते हं, राग मानू नकोस. मी पण नातवाच्या मागे वाटी घेऊन गॅलरीभर फिरले आहे. का, तर सून ऑफिसातून आली की चप्पल काढता काढता पहिला प्रश्न, "आई, जेवला का?" नाही म्हणायचं म्हणजे आपणच नापास. मग मोबाइल लाव, बशीत चहा दे, काहीही कर पण वाटी रिकामी दाखव. चहा मात्र खरंच बंद करायला सांग, जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, मला हे साठीत कळलं. आमच्याकडे सुनेने तो प्रश्नच विचारायचा बंद केला तेव्हा मी जरा बसले.

दिघ्याची_ताई:
मी अंगणवाडीत आहे म्हणून लिहिते. तुमच्या काकूंकडे जादू नाही, एकच वेळ, एकच ताट, शेजारी खाणारी पोरं आणि कुणी तोंडाकडे टक लावून बघत नाही. आमच्याकडे ३ ते ६ वर्षांच्यांना शिजवलेला आहार असतो, घरी "हा काहीच खात नाही" असलेली पोरं तिथे खिचडीचं ताट पुसून खातात. पण एक सांगू का, "नवीन भाजी दहा-पंधरा वेळा समोर ठेवा, मग खाईल" हे खरं आहे, आम्हीही सांगतो. एकदा एका आईने मला विचारलं, ताई, नऊ वेळा फेकलेल्या भाजीचे पैसे कोण देणार? चार घरची भांडी करून येते ती. पाच रुपयांचं खाऊचं पाकीट पोरगं नक्की खातं, त्यातलं वाया जात नाही, ती मग तेच देते. त्यानंतर मी सांगायची पद्धत बदलली, वेगळं काही शिजवू नको, तुझ्याच ताटातला एक घास बाजूला ठेव, नाही खाल्ला तर तू खा. तुम्हालाही तेच सांगेन, त्याच्यासाठी वेगळा वरणभात कशाला?

घणसोलीकरीण:
दहा दिवस झाले, सांगून टाकते. संध्याकाळचं दूध बंद, त्याऐवजी जेवणच पावणेआठला, म्हणजे मी सकाळीच भाजी चिरून ठेवते आणि पोळ्या कोपऱ्यावरच्या ताईंकडून आणते, साबा बघून काही बोलल्या नाहीत पण चेहरा कळतो. पहिले तीन दिवस भयंकर, एक दिवस तर उपाशीच झोपला आणि मी रडले. साबांना "जेवला का" विचारत नाही, त्याही आता आमच्यासोबत खाली बसतात, गुडघ्यांमुळे पाटावर. नवरा घरी असला की मोबाइल अजून निघतोच, त्यावर भांडण चालू आहे. लेकाचं रक्त तपासलं, हिमोग्लोबिन १०.१, लोहाचे ड्रॉप्स सुरू केलेत.

आणि परवा त्याने माझ्या ताटातली मेथी उचलली, चावली, बाहेर काढून नीट बघितली आणि परत तोंडात टाकली. साबा काहीतरी म्हणणार होत्या, मी खालून त्यांचा पदर ओढला.