समर रिसर्चचा अर्ज: दाखवण्यासारखं काहीच नाही, काय लिहू?

गोंधळलेली_एसवाय
एस.वाय. बी.एस्सी., मायक्रोबायॉलॉजी. तीन विज्ञान अकादम्या मिळून जी समर फेलोशिप देतात, तिला अर्ज करायचाय. मार्क बरे आहेत, पण प्रॅक्टिकलपलीकडे काही केलेलं नाही. ‘संशोधनात रस का’ हे चार वेळा लिहून खोडलं. शिफारसपत्र एचओडींचं घेतलं तर वजन पडेल का?

पेट्रीडिश
मी दोनदा अर्ज केला. पहिल्यांदा ‘लहानपणापासून विज्ञानाची आवड’ वगैरे लिहिलं आणि आपटले. आज वाचलं की कानशिलं तापतात.

दुसऱ्यांदा एक फसलेलं प्रॅक्टिकल लिहिलं. ई. कोलाय या जिवाणूचा ग्रोथ कर्व्ह, म्हणजे वाढीचा आलेख, काढत होतो. ३७ अंशांना, एलबी या पोषक माध्यमात ते साधारण २० मिनिटांत दुप्पट व्हायला हवं. आमचं ४० मिनिटांवर अडलेलं. सगळ्यांनी जर्नलमध्ये ‘मानवी चूक’ लिहून सही घेतली. मला ते पटेना. फ्लास्क गळ्यापर्यंत भरलेला होता, म्हणजे शेकरवर हलवूनही हवा नीट मिसळत नसणार. सरांना विचारून फ्लास्क पाव भागच भरला आणि दर १० मिनिटांनी ६०० नॅनोमीटरला ओडी (द्रावण किती गढूळ झालं, म्हणजे जिवाणू किती वाढले, त्याचं माप) घेतली. २७ मिनिटं आली. २० का नाही, ते अजून कळलेलं नाही, तेही तसंच लिहिलं. निवड झाली. एवढ्यामुळेच झाली असं छातीठोक सांगत नाही, पण तिथल्या मॅडमनी पहिल्या दिवशी त्या फ्लास्कबद्दलच विचारलं.

पत्राचं म्हणशील तर, एचओडी तुला नावाने ओळखतात का? नसतील तर ‘विद्यार्थिनी हुशार व नम्र आहे’ एवढंच येईल. प्रॅक्टिकलला शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकांना सांग. निदान तीन आठवडे आधी, मार्कशीट आणि तू काय केलंस त्याच्या चार ओळी हातात देऊन.

तिसऱ्या_बाकावरचा
फक्त एकाच ठिकाणी अर्ज करू नकोस. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम, बंगळुरूच्या जेएनसीएएसआरची समर फेलोशिप, दोन्ही बघ. अमेरिकेतल्या आरईयूमागे (पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचे संशोधन कार्यक्रम) वेळ घालवू नकोस, एनएसएफ या तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेच्या पैशातून चालणाऱ्या त्या जागा तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच असतात. शिवाय प्राध्यापकांना थेट मेल टाक, पण एकच मजकूर चाळीस जणांना नको. मी तसं केलं आणि एकीला दुसऱ्याच सरांच्या नावाने नमस्कार गेला. उत्तर आलं, फक्त एक प्रश्नचिन्ह.

गोंधळलेली_एसवाय
प्रश्नचिन्ह! 😂 ग्रॅम स्टेनिंगला (जिवाणू रंगवून त्यांचा गट ओळखतात ते) आमचे ग्रॅम पॉझिटिव्ह, जे जांभळे दिसायला हवेत, सगळे गुलाबी दिसले होते. कल्चर जुनं होतं की रंग धुवायचं अल्कोहोल जास्त वेळ राहिलं, कुणी बघितलंच नाही. हे चालेल?

पेट्रीडिश
पळेल. पण आधी ताज्या कल्चरवर, अल्कोहोलची वेळ मोजून परत करून बघ. मग लिही.