रिव्हॉल्वरला चमकती माशी बसवावी की हातात चांगली टॉर्च धरावी?

बागवान_निफाड
नमस्कार मंडळी. वडिलांचा ०.३२ चा रिव्हॉल्वर आता माझ्या परवान्यावर आलाय. कानपूरचा, जुनाच. आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटर, तिन्ही बाजूंनी द्राक्षबाग आणि चौथ्या बाजूला ऊस. थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की दीड-दोनला मोटर चालू करायला मीच जातो. मागच्या वर्षी शेजारच्या वस्तीवर चोरटे आले, म्हातारीच्या कानातलं ओरबाडून नेलं.

परवा दिवेलागणीला ओट्यावर उभं राहून रिकामा रिव्हॉल्वर समोरच्या डीपीच्या खांबावर धरून पाहिला. खांब दिसतोय, पण नळीच्या टोकावरची नेम धरायची माशीच दिसेना. काळ्यावर काळं. अमेरिकेतला आतेभाऊ म्हणतो, तिकडे लोक ट्रिटियमची साइट बसवतात, अंधारात हिरवे ठिपके आपोआप चमकतात, पुढच्या खेपेला घेऊन येतो. बसवावी का? वय ५२, जवळचा चष्मा आहे. "बंदूक हवीच कशाला" वाल्यांनी कृपया दुसरा धागा काढावा.

देवळाली_निवृत्त
आधी आतेभावाला फोन करा आणि बॅगेत काहीही टाकू नको म्हणावं. ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. तो आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अखत्यारीत येतो, त्यात शस्त्राचा भाग. विमानतळावर दोन्ही बाजूंनी अडकेल.

दुसरं, बसवणार कुठे? तिकडच्या पिस्तुलांना माशी आणि मागची साइट खाचेत सरकवून बसवलेली असते, ठोकून काढता येते. तुमच्या रिव्हॉल्वरची माशी बहुतेक नळीचाच भाग असेल आणि मागे वरच्या पट्टीत नुसती खाच. बदलायला तिथे काही नाहीच. कानशीने घासून नवी बसवतो म्हणणारा कोणी भेटला तर तिथून निघा. माशीची उंची बदलली की गोळी वरखाली जाते. कच्चा हिशोब सांगतो: माशी ते खाच १२ सेंटिमीटर धरा. माशी १ मिलिमीटर चुकली तर १० मीटरवर गोळी आठ सेंटिमीटर सरकते.

पंचवटीकर
किरणोत्सारी?! आणि ते कमरेला लावून फिरायचं?

नेमबाज_गंगापूररोड
पंचवटीकर, घाबरू नका. ट्रिटियमचे किरण इतके दुबळे असतात की कातडीच्या वरच्या थरातूनही आत जात नाहीत. काचेच्या बारीक नळीत गॅस भरलेला, आतून फॉस्फरचा थर. गॅसच्या किरणांनी थर चमकतो, बॅटरी नको की उजेड दाखवायला नको. महागड्या घड्याळांतही हेच असतं. नळी फुटून गॅस श्वासात गेला तर वेगळी गोष्ट. खरा तोटा दुसरा आहे: १२.३ वर्षांत गॅस निम्मा होतो. म्हणजे आज बसवलेली साइट तुमचा मुलगा वापरेल तेव्हा निम्म्याहून मंद.

पण मूळ प्रश्नाला माझं उत्तर "हो" आहे. सुभेदार साहेब (तुम्ही सुभेदारच असणार, लिहिण्यावरून कळतं), तुम्ही बसवायची अडचण सांगितलीत, उपयोगाबद्दल बोलला नाहीत.

देवळाली_निवृत्त
सुभेदारच. आता उपयोगाबद्दल. मिट्ट काळोखात माशी चमकली तर एवढंच कळतं की नळी कुठे रोखली आहे. समोर कोण आहे ते नाही कळत. समोरचा दिसायला टॉर्च लागतेच. आणि एकदा टॉर्चचा झोत समोरच्यावर पडला की तुमची साधी काळी माशी त्या उजेडावर सुरीसारखी स्वच्छ दिसते. मग हिरवा ठिपका हवाय कशाला? काळोखात निरुपयोगी, टॉर्चमध्ये बिनकामाचा.

सिन्नरची_सून
सुभेदार काकांना माझा पाठिंबा, आणि त्याला कारण आहे. माझ्या सासऱ्यांकडे बारा बोअर होती. एका जानेवारीत पहाटे तीनला विहिरीवर खुडबुड झाली. बाहेर येऊन बघतात तर घोंगडी पांघरलेलं कोणीतरी मोटरच्या पेटीशी वाकलेलं. "कोण आहे रे?" म्हणून ओरडले. उत्तर नाही, नुसतं "हूं". सासऱ्यांनी बंदूक खांद्याला लावली. तेवढ्यात सासूबाईंनी मागून ओट्याचा बल्ब लावला. आमचा सालदार! थंडी पडणार म्हणून पहाटे बागेला पाणी सोडायला आला होता, आणि तोंडात तंबाखूचा बार भरलेला, म्हणून बोलता येईना. त्या दिवशी सासऱ्यांची माशी चमकत असती तर नेम अगदी बरोबर लागला असता. माणूस मात्र आमचाच होता.

नेमबाज_गंगापूररोड
ताई, तुमच्या गोष्टीत बल्ब लागला आणि सगळं सुटलं, हे मान्य. पण बागवान दादांनी पहिल्या पोस्टमध्ये काय लिहिलंय ते कोणी वाचलंच नाही. दिवेलागणीला खांब दिसत होता, माशी दिसत नव्हती. वस्तीवरचा बल्ब गोठ्याच्या टोकाला आणि तुम्ही ओट्याच्या सावलीत. समोरचा माणूस उजेडात, ओळखू येतोय, हातातला कोयता दिसतोय, आणि तुमच्या हातातली माशी अंधारात. मिट्ट काळोख आणि टॉर्च यांच्या मधला हा संधिप्रकाश, सुभेदार साहेब, तुम्ही हिशोबातच धरला नाहीत. चमकती माशी याच्यासाठीच असते.

तिन्ही ठिपक्यांची गरज नाही, हे मात्र आपणहून सांगतो. पुढे एक, मागे दोन असा प्रकार दुकानात छान दिसतो. पण घाईत, त्यात चष्म्याशिवाय, तीन सारखेच हिरवे ठिपके दिसले की मधला कोणता हे शोधण्यात वेळ जातो. पुढे एक ठसठशीत, मागची साइट काळी. रंग हिरवाच, कारण काळोखात डोळ्याला तोच सगळ्यात जास्त कळतो. आणि फायबर ऑप्टिकवाली साइट घेऊ नका. लाल-हिरवी काडी रेंजवर दुपारी झकास दिसते, पण ती बाहेरचा उजेड गोळा करून चमकते. उजेड नाही, तर चमकही नाही.

देवळाली_निवृत्त
संधिप्रकाशाचं मान्य. तिथे तुमचं बरोबर आहे. तरी ५२ व्या वर्षी हाताच्या अंतरावरचा ठिपका ठिपका राहत नाही, काजवा होतो. आणि एका हातात टॉर्च धरून दुसऱ्या हाताने ०.३२ चा जड ट्रिगर ओढून बघा, रिकाम्या रिव्हॉल्वरवर, नाणं माशीवर ठेवून. नाणं पडलं की साइट बदलायच्या आधी काय बदलायला हवं ते कळेल.

ऊसतोड्या
आणि बिबट्या? तुमच्याकडे ऊस आहे म्हणता.

सिन्नरची_सून
बिबट्यासाठी रिव्हॉल्वर मुळीच नको. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, शिवाय ०.३२ ने जखमी झालेला बिबट्या उसात शिरला तर दुसऱ्या दिवशी ऊस कोण तोडणार? वनखात्याचा १९२६ नंबर फोनमध्ये ठेवा, आणि रात्री मोटरवर एकट्याने जाऊ नका. मोबाइलवर गाणी लावून जा, आमच्याकडे सगळे तसंच करतात.

बागवान_निफाड
नाण्याचा प्रयोग केला. सहापैकी चार वेळा पडलं. टॉर्च हातात घेतल्यावर सहाही वेळा. बायको हसत होती.

आतेभावाला नको कळवलं. पण नेमबाज भाऊंचं संधिप्रकाशाचं पटलंय, कारण माझा प्रश्न तिथूनच सुरू झाला होता. मग माशीला रेडियम लावलं तर?

नेमबाज_गंगापूररोड
हेच सुचवणार होतो. नावाला रेडियम, खरं रेडियम त्यात कधीच नसतं आता. सायकलच्या स्टिकरवालं नको, ते समोरून उजेड पडला तरच चमकतं. स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटवाला हिरवा रंग आणा. माशीची मागची बाजू स्पिरिटने पुसा, आधी पांढऱ्याचा एक हात, वाळला की वर हिरवा. पांढऱ्यावर दुप्पट उठून दिसतो. टॉर्च दहा सेकंद दाखवली की पहिली काही मिनिटं चांगला चमकतो, मग उतरत जातो. ट्रिटियमची सर नाही, पण नळीला कानस लागत नाही आणि नको वाटलं तर खरवडून काढता येतो.

देवळाली_निवृत्त
याला माझी हरकत नाही. साफसफाईचं तेल लागलं की उडेल, तेवढं सांभाळा. पण रंगाच्या आधी गोठ्याच्या टोकाला सेन्सरवाला दिवा बसवा आणि ओट्यावर बटण घ्या. आणि ताईंच्या सासऱ्यांसारखं "कोण आहे रे" एकदा नाही, दोनदा विचारा.

बागवान_निफाड
पांढऱ्यासाठी बायकोचं नेलपॉलिश चालेल का?

सिन्नरची_सून
चालेल, पण तिला विचारून घ्या.

देवळाली_निवृत्त
आणि गोळ्या काढून मग रंगवा. मोजून काढा, सहाच्या सहा.