मदत हवी आहे : २१ जुलै १९६९ चे कोल्हापुरातले पेपर

नमस्कार मंडळी. आमच्या तालमीच्या गणेशोत्सवात यंदा जुन्या बातम्यांचा हलकाफुलका फलक करायचाय. दिवस ठरलाय सोमवार, २१ जुलै १९६९. आर्मस्ट्राँगनं चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हा आपल्याकडं सकाळचे साडेआठ वाजत आले होते. गावात टीव्ही नव्हता, सकाळचे अंक आधीच छापून झालेले, म्हणजे सगळी भिस्त रेडिओवर.

आजोबा सांगतात, गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला हातात धरून एका पैलवानानं विचारलं, "तिथं म्हशी न्हाईत, मग ह्यो गडी पितोय काय?" दुसरा म्हणाला, "वजन बी सहावा हिस्साच भरतंय म्हणं. कुस्तीत काय राम ऱ्हायला!" फलकावर पहिलं हेच लागणार, मला फार आवडतं.

दोनच दिवस आधी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. मग चौकात जास्त चर्चा चंद्राची होती की बँकांची?

२१ आणि २२ तारखेचे स्थानिक अंक कुठं बघायला मिळतील? करवीर नगर वाचन मंदिरात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कुणी जुन्या फायली चाळल्यात का? फोटो काढू देतात का? आणि घरातल्या थोरल्यांना त्या सकाळचं काही आठवत असेल तर त्यांच्याच बोलीत इथं लिहा, प्लीज.