वृक्षासन म्हणजे अचल उभं राहणं नव्हे

वृक्षासन, म्हणजे एका पायावर झाडासारखं उभं राहायचं आसन, याचा अर्थ कुणी ‘अचल राहणं’ असा सांगितला, तर तो मला अपुरा वाटतो. आपल्या किनाऱ्यावरचा माड बघा. त्याला सोटमूळ नसतं. बुंध्यातून निघालेली असंख्य तंतुमुळं पुळणीत पसरतात आणि वाऱ्यात खोड वाकतं, म्हणून ते तगतं. आसनातही घोटा सतत बारीक हलत असतो, तोच तोल सांभाळतो. घोटा ताठ धरला की माणूस पडतो.

घेरंडसंहिता या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात उजवं पाऊल डाव्या मांडीच्या मुळाशी ठेवायला सांगितलंय. तेवढं वर जात नसेल तर पोटरीवर टेकवा. गुडघ्यावर नकोच, सांध्यावर आडवा दाब येतो. किनाऱ्यावर करायचं तर ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू निवडा. कोरड्या पुळणीत टाच रुतते, पाऊल कलंडतं. समुद्राकडे पाठ, नजर एखाद्या माडाच्या बुंध्यावर. लाटांकडे पाहिलं तर डोळ्यांना स्थिर खूणच उरत नाही.

कूर्मासनाला, म्हणजे कासवाच्या आसनाला, कुणी कोकणातल्या वेळासच्या कासवांचा दाखला देत असेल, तर तिथे मात्र दुरुस्ती हवी. तिथल्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाला मान आणि वल्ह्यांसारखे पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. गीतेतलं (अध्याय २, श्लोक ५८) अवयव आवरून घेणारं कासव जमिनीवरचं किंवा गोड्या पाण्यातलं. इंद्रियं आत वळवण्याचं प्रतीक त्याचं आहे. आज शिकवतात त्या कूर्मासनात हात गुडघ्यांखालून सरकवताना गुडघे थोडे वाकलेलेच ठेवा. पाय जोराने सरळ केले की ताण कंबरेवर जातो.