जुन्या गाडीसाठी सर्व्हिस मॅन्युअलची पीडीएफ: कामाची, की नुसती मिरवायची?

एस्टीम_अजून_आहे
जुनी गाडी गॅरेजला टाकताना तिचं सर्व्हिस मॅन्युअल फोनमध्ये असलंच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्लव्हबॉक्समधलं 'हवा किती भरा' सांगणारं पुस्तक नव्हे. वर्कशॉपसाठी असतं ते, वायरिंगच्या नकाशांसकट. मेकॅनिकवर विश्वास नाही म्हणून नाही, तर पार्ट बदलायच्या आधी तो कसा मोजायचा हे त्यात लिहिलेलं असतं म्हणून.

आमची मारुती सुझुकीची एस्टीम (एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेली, पेट्रोल कॉम्प्युटर मोजून सोडतो ती) अचानक पेट्रोल प्यायला लागली. प्लग काळेकुट्ट. एका गॅरेजने प्लग बदलले, मग कॉइल, मग टाकीतला पंप. फरक शून्य. बिघाड सांगणारे कोडही काढून झाले होते. त्या काळच्या सुझुकीला स्कॅनर लागत नाही. कपलरमधल्या ठरावीक पिना तारेने जोडल्या की डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकतो: एकदा, जरा थांबून दोनदा. म्हणजे १२, म्हणजे सगळं ठीक.

गोची इथेच आहे. कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) तापमान सेन्सर पार मेला तर १४ किंवा १५ कोड येतो. पण तो नुसता खोटं बोलायला लागला, ८० अंशाला ४० सांगू लागला, तर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, संशय यायचं कारणच नाही. ४० अंश काही अशक्य तापमान नाही. ना दिवा, ना कोड. इंजिन गारच आहे असं समजून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो.

मॅन्युअलमध्ये यासाठी सेन्सरच्या विद्युत रोधाचा साधा तक्ता आहे: २० अंशाला साधारण अडीच किलोओहम, ८० ला तीनशे ओहमच्या आसपास. सेन्सर काढला, गरम पाण्यात थर्मामीटरसोबत बुडवला, मीटर लावला. ८० ला हजाराच्या वर रीडिंग! नवा बसवला, ॲव्हरेज जागेवर. कॉइल आणि पंपाचे पैसे गेले ते गेलेच.

दहाबाराचा_पाना
माझं स्वतःचं गॅरेज आहे, म्हणून बोलतो. तुमचं काम झालं, अभिनंदन. पण तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) शाबूत होता हे नशीब समजा. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जुन्या गाड्यांत तो कुणीतरी कधीच काढून फेकलेला असतो. खंबाटकीत गाडी गरम झाली की वाटेतला मिस्त्री सांगणार, 'साहेब, हा थंड देशातल्या गाड्यांना लागतो, आपल्याकडे नको.' मग इंजिन खरोखरच गार चालतं, सेन्सर खरं सांगतो, आणि गाडी तरीही पेट्रोल पिते. आता लावा तुमचा तक्ता. सेन्सर पास होईल आणि तुम्ही डोकं धरून बसाल.

मी काय करतो? गाडी गार असताना चालू करतो आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवतो. थर्मोस्टॅट असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. नसेल तर पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जातो. यात पीडीएफ कुठे आली?

एस्टीम_अजून_आहे
होजची खूण छानच. पण थर्मोस्टॅट ८२ अंशाला उघडतो आणि तो तिथे असायलाच हवा, हेही त्याच पुस्तकात कूलिंगच्या प्रकरणात लिहिलंय. ते पान वाचलेला माणूस 'आपल्याकडे नको' ऐकून घेईल का?

कोथरूडचा_काका
सेन्सर कुठल्या पातेल्यात उकळलात ते घरी कळलंय का? बाकी चालू द्या.

न्यूटनमीटर
मी चाकणला गाड्यांच्याच कंपनीत आहे, त्यामुळे मॅन्युअलच्या बाजूने असणार हे उघड आहे. तरी एक धोका सांगते. ही पुस्तकं शिकलेल्या माणसासाठी लिहिलेली असतात, त्यामुळे बरंच काही गृहीत धरलेलं असतं. जुन्या पुस्तकांत टॉर्क (बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा) बऱ्याचदा किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो आणि ऑनलाइन मागवलेल्या टॉर्क रेंचवर न्यूटन-मीटर. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. पुस्तकात ६ वाचून कुणी रेंच ६ वर लावला, तर इंजिनच्या हेडचे (वरच्या झाकणाचे) बोल्ट जवळजवळ हातानेच लावल्यासारखे राहतील. शिवाय कोरड्या बोल्टसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या बोल्टला वापरला, तर घर्षण कमी झाल्यामुळे तो जास्त ताणला जातो. तिथे आकडा बरोबर असूनही काम चुकतं.

पण हेड बसवताना मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, आणि उतरवताना बाहेरून मध्ये, हा क्रम मी चांगल्या चांगल्या मेकॅनिकना मोडताना पाहिलाय. त्याचं चित्र समोर असलं तर कुणाचं काय बिघडतं?

दहाबाराचा_पाना
ताई, क्रम आम्हाला पाठ असतो. पण वीस वर्षांचा एक्झॉस्टचा स्टड (नट बसतो तो आटेवाला दांडा) गंजून एक झालेला असतो. पुस्तक म्हणतं 'नट काढा'. नट येत नाही, स्टडच तुटून हातात येतो. पुढचे तीन तास कुठल्या पानावर आहेत?

कोथरूडचा_काका
आता जरा गंभीरपणे. आपण उतरवून घेतलेली पीडीएफ कुठल्या देशातली आहे ते लोक बघतच नाहीत. आपली झेन युरोपात सुझुकी आल्टो नावाने जायची. माझ्या भाच्याने त्या आल्टोचं पुस्तक उतरवलं, स्टिअरिंग डाव्या हाताला असलेलं, आणि फ्यूज बॉक्स शोधत बसला. वायरचे रंगही आधी ताडून बघा. 'बी/डब्ल्यू' म्हणजे काळी वायर, तिच्यावर पांढरी रेघ. पण मधल्या मालकाने सेंट्रल लॉक किंवा गॅस किट बसवताना लाल वायर जोडली असेल, तर नकाशा राहिला कागदावर.

फिर्यादी
मुळात आपण चोरून फिरणाऱ्या पीडीएफवर का बोलतोय? स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि तांत्रिक माहिती मिळू दिली जात नाही, म्हणून स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. कंपन्या अपिलात गेल्या. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. मॅन्युअल रास्त भावात विकत मिळालं पाहिजे, गॅरेजलाही आणि मालकालाही. तोवर भांडण मेकॅनिक विरुद्ध ग्राहक असंच दिसत राहणार, आणि ज्यांच्याशी भांडायचं ते मजेत.

दहाबाराचा_पाना
हे पटलं. पण मूळ दुखणं वेगळंच आहे आणि ते कुणी बोलत नाही. मोजायचे पैसे कोण देतो? सेन्सर काढून पाण्यात घालायचा, वायर ईसीयूपर्यंत तपासायची, तास दीड तास जातो. मी 'तपासणी ५०० रुपये' असा बोर्ड लावून बघितला. लोक म्हणाले, 'नुसतं बघायचे पाचशे?' आणि शेजारच्या गॅरेजला गेले. तिथे बघणं फुकट, कॉइलचे पैसे घेतले. नवा डबा हातात दिसला की गिऱ्हाईक नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांतला भावही विचारत नाही. जुनाच पार्ट पुसून परत बसवला आणि मजुरी लावली, तर फसवल्यासारखं बघतात. मग पोरं बदलायलाच शिकणार, मोजायला कशाला शिकतील?

एस्टीम_अजून_आहे
माझा मुद्दा तोच आहे. मॅन्युअल मालकाने वाचलं तर त्याला कळेल की त्या तासाचे पैसे का द्यायचे. मी पाचशे आनंदाने दिले असते.

न्यूटनमीटर
+१. बोर्ड काढू नका. खाली लिहा: काम इथेच केलंत तर बिलातून वजा.

दहाबाराचा_पाना
वजा केले तर ती मजुरी कशी झाली, ताई? आणि एस्टीमवाले, तुम्ही दिले असते हो. पण ज्याला मोजणं कळतं तो सेन्सर घरीच बदलतो. सेन्सर मोजायला तुम्ही तरी कुठल्या गॅरेजला गेलात?