मदत हवी आहे: नवी मुंबईत पाम बीच रोडवर ७४ च्या स्पीडचं चलान आलंय, गाडी बाबांच्या नावावर आहे, भरू की तक्रार टाकू?

खाडीकाठ

मंडळी, पहिल्यांदाच असा धागा काढतोय, लांबला तर समजून घ्या.

मागच्या रविवारी सकाळी आईला सानपाड्याला मावशीकडे सोडलं आणि मोराज सर्कलवरून पाम बीचने घरी सीवूड्सला येत होतो. सव्वासात वाजले असतील. रस्ता एकदम मोकळा, उजवीकडे खाडी, हवा छान, आणि सारसोळेचा सिग्नल हिरवाच मिळाला म्हणून गाडी न थांबता तशीच पुढे गेली. मंगळवारी दुपारी बाबांच्या मोबाईलवर मेसेज आला, वेगमर्यादा ६०, वेग ७४, दंड २००० रुपये.

आधी वाटलं फ्रॉड असणार, कारण आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकांनी असाच चलानचा व्हॉट्सअॅप मेसेज बघून त्यातली एपीके (अॅप टाकायची) फाईल उघडली आणि अर्ध्या तासात खात्यातले पैसे गेले होते. म्हणून लिंकला हात न लावता मी स्वतः महाट्रॅफिक चलानच्या सरकारी साईटवर गेलो, गाडी नंबर आणि चॅसीचे शेवटचे चार आकडे टाकले, तर चलान खरंच आहे. फोटोपण आहे. समोरून काढलाय, नंबर स्पष्ट, आणि दसऱ्याला बाबांनी बंपरवर घातलेला झेंडूचा हार, सुकून तपकिरी झालेला, तोसुद्धा दिसतोय. म्हणजे गाडी आमचीच यात वादच नाही.

पण त्याच फोटोत शेजारच्या लेनमध्ये एक काळी मोठी गाडी अर्धी दिसते. ती मला ओव्हरटेक करून गेलेली मला नीट आठवतेय. मग ७४ तिचे की माझे? मी किती वेगात होतो ते खरं सांगायचं तर मला माहीत नाही. सिग्नल मागे पडल्यावर एकदा काट्यावर ६५ बघितलेले आठवतात, नंतर बघितलंच नाही.

आता मुख्य अडचण. दोन हजार जातील त्याचं दुःख आहे पण ते सहन होईल. गाडी बाबांच्या नावावर आहे आणि बाबा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर आहेत. एकतीस वर्षं गाडी चालवली, विनाअपघात सेवेबद्दल डेपोत सत्कार झाला, तो फोटो हॉलमध्ये लावलाय. मेसेज वाचून मला एवढंच विचारलं, "वेगाचं? माझ्या नावावर?" नंतर काही बोलले नाहीत, तेव्हापासून घरात शांतता आहे आणि मला ते जास्त लागतंय.

ऑफिसात तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणतो ताबडतोब भरून टाक, दुसरा म्हणतो अॅपवर तक्रार टाक, काळ्या गाडीचं कारण दे, रद्द होईल, तिसरा म्हणतो काहीच करू नको, लोक अदालतीची नोटीस येईल तेव्हा कमी पैशात सुटतं. आणि हे चलान बाबांच्या नावावरून काढून माझ्या नावावर करता येतं का? चूक असेल तर ती माझी आहे, त्यांची नाही. कोणी अनुभवातून सांगू शकेल का, प्लीज.

गिअर_पाच

दादा, मी बारा वर्षं टुरिस्ट गाडी चालवतोय, ठाणे-पनवेल-पुणे रोजचं. आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा, गाडीचा काटा कधी कमी दाखवत नाही, थोडा जास्तच दाखवतो, कंपनीतूनच तसा येतो. म्हणजे पोलिसांच्या स्पीड गनमध्ये ७४ आले असतील तर तुमच्या काट्यावर तेव्हा ७७-७८ असणार. ६५ असते तर गनमध्ये साठच्या आसपासच आले असते. टायर मोठ्या साईजचे टाकले असतील तर मात्र हिशोब बदलतो, तसे टाकलेत का?

खाडीकाठ

नाही, टायर कंपनीच्याच साईजचे आहेत. हे काट्याचं माहीत नव्हतं, मी उलट समजत होतो.

नवी_मुंबईकर_जुना

भरू नका. हजारो लोकांची चलानं पेंडिंग आहेत, कोणी दारात येत नाही. माझी स्वतःची चार आहेत, तीन वर्षं झाली.

कोर्टनाका

वरचा सल्ला कृपया घेऊ नका. मी ठाण्यात वकिली करतो, मोटार अपघाताच्या केसेस बघतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वेगाचं कलम म्हणजे मोटार वाहन कायद्याचं १८३. हलक्या वाहनाला कायद्यात हजार ते दोन हजार दंड आहे आणि महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून तडजोडीची रक्कम कारला दोन हजार, दुचाकीला एक हजार अशी आहे. तुम्ही कोर्टात न जाता साईटवर जे भरता ती ही तडजोड रक्कम. ती भरली की गुन्हा मान्य केला आणि विषय संपला, त्यानंतर तक्रार टाकण्यात अर्थ राहत नाही. म्हणून तक्रार करायची असेल तर पैसे भरायच्या आधीच करा, हा क्रम लोक नेहमी चुकवतात.

तक्रार कशावर टिकते ते सांगतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-ए आला, त्यानुसार कॅमेऱ्याच्या चलानसोबत नंबरप्लेटचा स्पष्ट फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण हे सगळं असायला लागतं, यंत्राचं प्रमाणपत्र दरवर्षी नवीन लागतं, आणि नोटीस गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत पाठवायला हवी. तुम्हाला दोन दिवसांत आली. बाकीचं तुमच्या चलानवर आहे का ते बघा. नंबरच दुसऱ्याचा लागलाय, आपली स्कूटर आणि फोटोत ट्रक आहे, अशा तक्रारी खरंच रद्द होतात, मी करून दिल्यात.

काळ्या गाडीबद्दल. इंटरसेप्टरमधली, म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या गाडीतली, गन लेझरवर चालते. तिचा किरण अगदी बारीक असतो, माणूस तो एका गाडीच्या नंबरप्लेटवर धरतो आणि वेग त्याच गाडीचा येतो. शेजारी दुसरी गाडी फ्रेममध्ये आली म्हणजे तिचा वेग तुमच्या नावावर पडला असं होत नाही. फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडा, नेम धरल्याची खूण असते ती कोणत्या गाडीवर आहे ते बघा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या खुणेत आहे.

लोक अदालतीत पैसे कमी होतात असे मेसेज दर वेळी फिरतात, त्यावर विसंबून थांबू नका. कोर्टात लढायचं तर लढता येतं, हक्क आहे तुमचा, पण तिथेही जास्तीत जास्त तेच दोन हजार आणि तारखेचा तुमचा दिवस जाणार. यंत्राबद्दल किंवा फोटोबद्दल खरी शंका असेल तरच ते करा.

नावाचं: कॅमेऱ्याचं चलान गाडीच्या नंबरवर निघतं म्हणून मालकाला मेसेज जातो. वडिलांच्या लायसनवर काही शेरा पडलेला नाही, हे त्यांना नक्की सांगा. गाडी कोण चालवत होतं असं पोलिसांनी विचारलं तर सांगणं मालकावर कलम १३३ नुसार बंधनकारक आहे, तेवढंच. आणि हो, वेगाचाच गुन्हा दुसऱ्यांदा झाला तर लायसन ताब्यात घ्यायची तरतूद १८३ मध्येच आहे, तेव्हा पुढे जपा.

करावेगाव

मी करावे गावात राहते, जन्मापासून. पाम बीच झाला तेव्हा लहान होते. मला दंडाचं काही कळत नाही पण एक सांगावंसं वाटतं. सकाळी सातला तो रस्ता तुम्हाला मोकळा वाटतो तेव्हाच आमच्याकडचे मासेवाले, चालायला जाणारे म्हातारे लोक, सायकलवाली पोरं सगळी तिथेच असतात. माझ्या सासऱ्यांना सिग्नल ओलांडताना समोरची गाडी अजून लांब आहे असं वाटतं आणि ती दोन सेकंदात अंगावर येते. त्यांना वेगाचा अंदाज येत नाही. मी त्यांचा हात धरून उभी असते तेव्हा मला येणारी प्रत्येक गाडी ६० ची आहे की ८० ची ते पोटात कळतं. तुम्हाला बोल लावत नाहीये दादा, तुम्ही प्रामाणिकपणे विचारताय म्हणून लिहिलं.

गिअर_पाच

ताई बरोबर बोलल्या. मी हिशोब सांगतो, आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवला होता. वेग ६० चा ७४ झाला की ब्रेक लागल्यावर गाडी घसटत जाते ते अंतर दीडपट होतं, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. कोरड्या रस्त्यावर पाय ब्रेकवर जायचा एक सेकंद धरून साठला साधारण ३७ मीटर, ७४ ला ५१ मीटर. मधले चौदा मीटर म्हणजे तीन गाड्यांच्या वर. आणि वाचतं काय, दहा किलोमीटर रस्ता एकही सिग्नल न लागता मिळाला तरी दोन मिनिटंसुद्धा नाहीत.

नवी_मुंबईकर_जुना

ठीक आहे, पण साठ फारच कमी आहे त्या रस्त्याला, सहा लेनचा रस्ता आहे.

कोर्टनाका

मर्यादा कमी वाटत असेल तर ती बदलून घ्यायचा मार्ग वेगळा आहे, अर्ज करा, नगरसेवकाला गाठा, मी मसुदा लिहून देईन. पण बोर्डावर ६० आहे तोवर ६० च. आणि तुमची चार पेंडिंग आहेत म्हणालात, गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा पहिलं तेच तपासेल.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः करावेगाव ताई, तुमचं वाचून काल रात्री झोप नीट लागली नाही.

अपडेट देतो. फोटो लॅपटॉपवर मोठा करून बघितला. नेमाची खूण आमच्याच नंबरप्लेटवर आहे, हाराच्या थोडं वर. काळी गाडी बाजूला आहे, तिच्यावर काहीच नाही. ठिकाण, वेळ, वेग, सगळं छापलेलं आहे. म्हणजे तक्रार टाकली असती तर मी जे खरं नाही हे आतून कळतंय तेच लिहिलं असतं. नाही टाकणार.

मग बाबांना जाऊन सांगितलं की तुमच्या लायसनवर काही नाही, चलान गाडीवर आहे आणि चालवत मी होतो. ते म्हणाले, लायसनचं मला माहीत आहे रे, मी त्याचा विचारच करत नव्हतो. मग काय, तर म्हणाले, तू ६५ बघितल्यावर पुन्हा काटा का नाही बघितला ते सांग. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आज सकाळी ते म्हणाले गाडी काढ. त्याच वेळेला, त्याच रस्त्याला. बाजूच्या सीटवर बसले, बेल्ट लावला, आणि सारसोळे सिग्नलपासून म्हणाले, आता काटा साठच्या खाली ठेव आणि बघ. खरं सांगतो, गाडी उभी आहे असं वाटत होतं. पाय आपोआप दाबला जातो, मी दोनदा ६५ च्या वर गेलो आणि दोन्ही वेळा त्यांनी डॅशबोर्डवर एक बोट टेकवलं, बोलले काही नाहीत. अक्षर चौकाच्या जवळ आल्यावर म्हणाले, गर्दीत वेग कळतो, बाजूला माणसं असतात, झाडं जवळ असतात, मोकळ्या रुंद रस्त्यावर डोळ्याला काही लागत नाही म्हणून कळत नाही, रात्रीच्या गाडीला आम्ही म्हणून दर पाच मिनिटांनी काट्याकडे बघायचो, सवयच लावून घेतली होती. एकतीस वर्षांत मला ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती, मी विचारलीच नव्हती.

घरी येऊन साईटवरून पैसे भरले, माझ्या खात्यातून. आता स्टेटस पेड दाखवतंय.

ठाणे_पूर्व_वाली

तुमचा धागा वाचून मी पण माझ्या स्कूटरचा नंबर टाकून बघितला, दोन निघाली! एक हेल्मेटचं आहे ते खरं आहे, मीच होते. दुसरं ज्या गावात मी कधी गेलेच नाही तिथलं आहे आणि फोटोत मोटारसायकल दिसतेय, माझी तर स्कूटर आहे. दोन्ही एकदम भरून टाकू का? मेसेज मला आलाच नव्हता, कदाचित जुना मोबाईल नंबर आहे आरटीओकडे.

खाडीकाठ

ताई, दोन्ही एकदम भरू नका. हेल्मेटचं भरा. दुसऱ्याला आधी महाट्रॅफिक अॅपमध्ये तक्रार टाका, चलानचा फोटो आणि तुमच्या स्कूटरचा नंबरप्लेटसकट समोरून आणि मागून काढलेला फोटो, आणि आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) जोडा. कोर्टनाका साहेबांनी वर लिहिलंय तसं, भरलं की मान्य केल्यासारखं होतं. प्लेटवरचा एखादा आकडा वाचताना चुकला असेल, फोटो झूम करून तो आकडा कोणता ते तक्रारीत लिहा, म्हणजे बघणाऱ्याला पटकन कळेल. आणि मोबाईल नंबर परिवहनच्या साईटवर बदलून घ्या, बाबांचा मी आत्ताच तपासला.

कोर्टनाका

बरोबर सांगितलंत. ताई, तक्रार नंबर आला की स्क्रीनशॉट ठेवा, अडलं तर इथेच लिहा.