गाडीतून उतरलं, पुढं मेट्रो : बेळगाव, खानापूर, निपाणीकरांचे अनुभव

आपल्या सीमाभागात मेट्रो नाही आणि इतक्यात येणारही नाही. पण बेंगळुरू, पुणे, मुंबईला रेल्वेनं गेलं की प्रवासाचा शेवटचा तुकडा आता बऱ्याचदा जमिनीखालून होतो. बेळगाव स्टेशनची नवी इमारत २०२३ च्या फेब्रुवारीत झाली. पुण्याकडची वंदे भारत सप्टेंबर २०२४ ला आली, बेंगळुरूची ऑगस्ट २०२५ ला. तिकडचीही स्टेशनं एकेक करून बदलत आहेत. दगडी फरशी, सरकते जिने, काचा सगळं दिसतं, पण बॅग घेऊन एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाणाऱ्या माणसाची वाट सोपी झाली की लांबली, हे कोणी लिहीत नाही. तुम्ही लिहा. कुठल्या फलाटाकडून, कुठल्या दारानं, किती जिने, सामानाचं काय झालं. तक्रार असेल तर खात्याचं नाव घेऊन भांडण नको, अडचण नेमकी सांगा. "व्यवस्था उत्तम आहे" एवढंच लिहून जाऊ नका.

टिळकवाडी, निवृत्त शिक्षक

बेंगळुरूपासून सुरुवात करतो, कारण आपली निम्मी माणसं तिकडंच नोकरीला. तिथल्या मुख्य स्टेशनाला आपल्या बैलहोंगल तालुक्यातल्या क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णाचं नाव आहे. या एका स्टेशनाला मेट्रोची दोन भुयारी स्टेशनं लागून आहेत, आणि घोळ इथंच होतो. एक मॅजेस्टिक, म्हणजे पुढच्या बाजूला, बसस्टँडच्या खाली. दुसरं रायण्णांच्याच नावाचं, ते मागच्या दरवाज्याकडे. मुलगा फोनवर "मेट्रोनं ये" म्हणतो, कुठल्या ते सांगत नाही.

माझा हिशेब असा. पर्पल लाईननं जायचं असेल, म्हणजे व्हाइटफील्ड किंवा म्हैसूर रोडकडे, तर मागच्या दारानं जा, गर्दी कमी. ग्रीन लाईन हवी असेल, जयनगर किंवा यशवंतपूरकडे, तर पुढच्या दारानं मॅजेस्टिक. तिथं दोन्ही लाईनी एकमेकींच्या खाली-वर आहेत, ग्रीन आणखी एक मजला खाली. पण गाडी लागते कुठल्या फलाटाला, हे आधी कळत नाही. पूल चढून पलीकडं जायचं आणि मग तेवढंच खाली उतरायचं. आधी वर, मग खाली, हे गणित नव्या आराखड्यातसुद्धा कुणी सोडवलेलं दिसत नाही.

खानापूर

सरांच्या लिहिण्यात एक राहिलं. रात्रीची गाडी पकडून शनिवारी निघालासा तर रविवारी पहाटे तिथं पोचतासा. मेट्रो रविवारी सातला सुरू. तोवर बसा की फलाटावर. एवढं झकपक स्टेशन आणि शटर बंद. आमचा भाचा फोन करून विचारतोय "मामा, कुठं पोचलास, येऊलालास न्हवं?" काय सांगू त्याला, मेट्रोच्या दारात बसलोय म्हणून? सोमवारी मात्र सव्वाचारलाच सुरू करतात, कारण गावाकडून परतणारी पोरं. ते बरं केलंय.

शहापूर, साड्यांचं काम

आमचं घर विणकरांचं. मी आणि वहिनी पुण्याला मंडईच्या आसपासच्या दुकानांत माल दाखवायला जातो. पूर्वी पुणे स्टेशनवरून रिक्षा, सकाळी स्टेशन चौकातच अर्धा तास जायचा. आता मेट्रो, आणि ती खरंच वेळ वाचवते, हे आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचून मी नुसतीच कुरकुरते असं वाटेल.

पुणे स्टेशनची मेट्रो वरून जाते, राजाबहादूर मिलच्या रस्त्याकडच्या बाजूला. ती धरून सिव्हिल कोर्टला यायचं आणि तिथं गाडी बदलून भुयारातून मंडई. सिव्हिल कोर्ट म्हणजे एक मेट्रो पुलावर आणि दुसरी जमिनीखाली सुमारे ३३ मीटर. म्हणजे आकाशातून पाताळात. सरकते जिने एकामागून एक आहेत, पण गाठोडं घेऊन सरकत्या जिन्यावर उभं राहून बघा. एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात पट्टा, आणि मागं कॉलेजची मुलं घाईत. वहिनी म्हणाल्या लिफ्टनं जाऊ. लिफ्ट एका दमात खाली नेत नाही. एकीतून बाहेर या, दुसरी शोधा, रांगेत थांबा. आमच्या पुढं बाबागाडीवाली एक बाई आणि काठी घेतलेले दोन आजोबा. आम्ही मागं सरलो, त्यांचा हक्क आधी.

सामान यंत्रातून तपासतात त्याला माझी हरकत नाही. पण तो पट्टा अरुंद, आणि साड्यांचा गठ्ठा काही सुटकेससारखा चौकोनी नसतो. तिथल्या पोरानं हात लावून आत ढकलला, बरं झालं.

सप्टेंबर २०२४ मध्ये सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी भाग सुरू झाला. त्याआधी मंडईला मेट्रो नव्हतीच, तेव्हा हा सगळा खटाटोप आम्हाला माहीतही नव्हता. आता आम्ही माल दोन लहान गाठोड्यांत बांधतो. गाठोडं लहान झालं की दुकानदार म्हणतो, "यंदा माल कमी आणला?" त्याला काय सांगणार सिव्हिल कोर्टाचं!

मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त, कॅम्प

आम्हाला ट्रंक घेऊन हिंडायची सवय, त्यामुळं जिन्यांचं काही वाटत नाही. अडचण वेगळी. बेंगळुरूहून गुवाहाटीची गाडी सर विश्वेश्वरय्या टर्मिनलवरून सुटते. हे टर्मिनल जून २०२२ मध्ये सुरू झालं, विमानतळासारखं बांधलंय, आणि मेट्रोला थेट जोडलेलं नाही. मेट्रोनं बैयप्पनहळ्ळी किंवा स्वामी विवेकानंद रोडला उतरायचं आणि पुढं रिक्षा किंवा बस. सुट्टी संपवून ड्युटीवर परतणारी पोरं दर वेळी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं, रिक्षाला अर्धा तास राखून ठेव. लष्करात कोणी रेशनचं कोठार एकीकडं आणि रस्ता दुसरीकडं ठेवला असता तर त्याची धडगत नव्हती.

निपाणी

आमच्या गावाला रेल्वेच नाही, आम्ही कोल्हापूरला जाऊन महालक्ष्मी धरतो. सकाळी सीएसएमटीला उतरलो की काम बहुधा मंत्रालयात. सीमाभागातल्या माणसाचा एकतरी कागद तिथं अडकलेला असतोच. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो तीन कफ परेडपर्यंत सुरू झाली. २७ स्टेशनं, त्यातली २६ जमिनीखाली. सीएसएमटीहून हुतात्मा चौक, चर्चगेट, आणि पुढचं विधान भवन. टॅक्सीची कटकट गेली.

पण लांबच्या गाड्या ज्या फलाटांवर लागतात ते पी. डिमेलो रोडकडच्या टोकाला, आणि मेट्रो दुसऱ्या अंगाला. त्यात स्टेशनाचं नूतनीकरण चालू, पत्रे लावलेले, रस्ता फिरवलेला. सकाळी लोकलच्या लोंढ्याला आडवं कापत जावं लागतं. तिकीट वरच काढून घ्या. खाली नेटवर्क गेलं की मोबाईलमधलं तिकीट उघडत नाही आणि गेटपाशी मागचे लोक ओरडतात.

वडगाव

चालुक्य किंवा शरावतीनं दादरला उतरणाऱ्यांसाठी. तिथल्या फलाटांचे नंबर ९ डिसेंबर २०२३ पासून सलग झाले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्य रेल्वेचे ८ ते १४. जुन्या नंबरावर विसंबून नातेवाइकांना बोलावू नका. भुयारी मेट्रो पश्चिमेला आहे, म्हणजे आपल्या गाडीच्या फलाटावरून पुलानं सगळे रूळ ओलांडून.

अनगोळ, मुलगा लंडनला

किंग्ज क्रॉसचं ऐका. १९८७ ला तिथल्या भुयारी स्टेशनात लाकडी सरकत्या जिन्याला आग लागून ३१ माणसं गेली. पुढं लाकडी जिने काढले, २००९ ला नवा तिकीट हॉल झाला, २०१२ ला रेल्वेचा नवा मोठा हॉल. दिसायला देखणं. पण पाटी वाचत गेलं तर पाय दुखेपर्यंत चालावं लागतं. मुलगा मला पाटी सोडून वेगळ्याच वाटेनं घेऊन गेला, ती जवळची निघाली. गर्दी विभागली जावी म्हणून लांबची वाट दाखवायची, ही तिकडची रीत आहे. रोज जाणाऱ्याला आतली वाट ठाऊक, पाहुणा पाटीमागं फिरतो. माझ्या मते गर्दीच्या वेळी ते बरोबर आहे, दुपारी रिकाम्या स्टेशनात नाही.

शहापूर, पुन्हा

अनगोळच्या काकांनी चालण्याचं लिहिलं म्हणून आठवलं. आमच्या आईला जिना चढता येतो, उतरता येत नाही. गुडघेदुखीवाल्या कुणालाही विचारा. आणि जिथं एकच सरकता जिना असतो तिथं तो हमखास वर जाणारा! भुयारी स्टेशनात तर आधी उतरायचंच असतं.

खानापूर

हे एक नंबर सांगितलंसा ताई. आमच्या आज्जीचं पण तेच.

हिंडलगा

बेंगळुरू कॅन्टोन्मेंटला उतरणाऱ्यांना विचारायचंय. मेट्रोच्या पिंक लाईनचं भुयारी स्टेशन तिथं होणार म्हणतात, रेल्वे स्टेशनच्या खालीच का?

धागा सुरू करणारा

नाही. आधी तसं ठरलं होतं, मग जागा बदलून बांबू बाजारकडे नेली, सुमारे किलोमीटरभर लांब. त्यावर तिथल्या लोकांनी आंदोलनंही केली होती. कॅन्टोन्मेंटचं रेल्वे स्टेशनही नव्यानं बांधतायत, पण दोघांच्या मधलं अंतर तेवढंच राहणार. तुम्हाला शिवाजीनगरला जायचं असेल तर कॅन्टोन्मेंटवरून सरळ रिक्षा करा.